पुस्तक की मोबाईल, घर की अभ्यासिका? आधी लक्षाचं गणित बघा

भाची राज्यसेवेच्या तयारीसाठी गोंदियाहून आमच्याकडे, नागपूरला राहायला आली. पहिल्याच आठवड्यात तिने दोन प्रश्न टाकले. "मामा, सीताबर्डीजवळ अभ्यासिकेत सीट घेऊ की घरीच वाचू? आणि पुस्तकांचा संच विकत घेऊ की मोबाईलवरच्या पीडीएफनी भागेल?" नागपुरात या घडीला हजारो मुलांपुढे हेच प्रश्न असतील, म्हणून आमचा हिशोब इथे सविस्तर मांडतो.

त्याआधी एक संध्याकाळ सांगतो. ती हॉलमध्ये राज्यघटनेचं पुस्तक घेऊन बसली होती. हातात पिवळा मार्कर, बारा-पंधरा ओळी रंगवलेल्या. पान उलटताच मी तळवा पुस्तकावर ठेवला आणि विचारलं, "एखादं विधेयक धन विधेयक आहे की नाही, हे कोण ठरवतं?" ती गप्प. तळवा उचलला, तर उत्तर रंगवलेल्या ओळीतच होतं. "आत्ताच वाचलं ना मी! मग आठवत काहून नाही?" असं म्हणताना तिचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं.

तिने वाचलं होतं, यात खोटं काही नव्हतं. सराव झाला की अक्षरं ओळखायला लक्ष जवळजवळ लागत नाही. डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात शब्दांचं रूप ओळखणारी एक जागा असते. स्तानिस्लास देहान आणि लोराँ कोएन या मेंदू-संशोधकांनी तिचा बराच अभ्यास केला आहे. ती आपोआप चालते. हिरव्या शाईत 'लाल' लिहिलं आणि शाईचा रंग विचारला तर आपण अडखळतो, कारण शब्द न वाचणं आपल्या हातात नसतं. मानसशास्त्रज्ञ जॉन स्ट्रूप यांनी हे 1935 मध्येच दाखवलं. पण वाक्याला वाक्य जोडून अर्थ उभा करायचं काम असं आपोआप होत नाही. त्याला लक्ष लागतं.

मन भरकटलं की डोळ्यांवरूनही ते कळतं. वाचताना डोळे सरकत नाहीत, उड्या मारतात आणि दर ठिकाणी सेकंदाचा साधारण पाव भाग थांबतात. अनोळखी शब्दावर जास्त, ओळखीच्या शब्दावर कमी. 2010 मधल्या एका अभ्यासात दिसलं, की मन दुसरीकडे गेलं की थांबे लांबतात आणि सोप्या-अवघड शब्दांतला हा फरक पुसट होतो. म्हणजे डोळे ओळीवर, पण शब्दाशी देणंघेणं नाही.

म्हणून पहिली तुलना जागेची नाही, वाचायच्या तऱ्हेची. रमून वाचायचं की कसून? 2012 मध्ये स्टॅनफर्डमध्ये नॅटली फिलिप्स यांनी साहित्याच्या संशोधक विद्यार्थ्यांना एमआरआय यंत्रात जेन ऑस्टिन यांच्या कादंबरीचं प्रकरण वाचायला दिलं. कधी मजेसाठी वाचा, कधी बारकाईने चिकित्सा करत वाचा, एवढीच सूचना. मजकूर तोच, वाचणारा तोच, तरी मेंदूतला रक्तप्रवाह बदलला. कसून वाचताना तो बऱ्याच भागांत वाढला, हालचाल आणि स्पर्शाशी जोडलेल्या भागांतही. रमून वाचतानाही मेंदू झोपला नव्हता, त्याचे वेगळे भाग कामाला लागले होते. प्रयोग छोटा आणि प्राथमिक होता, आणि रक्तप्रवाह वाढला म्हणजे जास्त लक्षात राहिलं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण 'कसं वाचायचं' हे मनाशी ठरवल्यानेच मेंदूचं काम बदलतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. घटना, अर्थशास्त्र कसून वाचा. वर्तमानपत्र, चरित्रं रमून. कसून वाचन दिवसभर जमत नाही, तसा हट्टही धरू नका.

आता पुस्तक की मोबाईल. 2018 मध्ये 54 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. त्यांत मिळून 1 लाख 70 हजारांवर वाचक होते. आकलनात कागद थोडा पुढे निघाला. माहितीपर मजकुरात आणि वेळेची मर्यादा असताना हा फरक दिसला, नुसत्या गोष्टींच्या वाचनात दिसला नाही. फरक लहान आहे, पण स्पर्धा परीक्षा म्हणजे नेमका माहितीपर मजकूर आणि घड्याळाचा काटा! माझा सल्ला सरळ आहे: मूळ विषयांची तीन-चार पुस्तकं छापीलच घ्या, चालू घडामोडी मोबाईलवर. उज्ज्वल नगर ते सीताबर्डी मेट्रोत तेवढं आरामात होतं. नुसता फोन शेजारी असल्यानेही लक्ष कमी होतं, असा 2017 मध्ये एक गाजलेला निष्कर्ष आला होता; पुढच्या प्रयोगांत तो कधी टिकला, कधी नाही. तरी फोन बॅगेत ठेवायला काही खर्च येत नाही.

मराठी पुस्तक की इंग्रजी, हेही मुलं विचारतात. ज्या भाषेत शब्द लावताना अडखळायला होतं तिथे लक्ष शब्दांतच संपतं, अर्थाला उरत नाही. ज्या भाषेत पेपर लिहायचा, तिच्यातच वाचा.

घर की अभ्यासिका, यात मात्र माझं मत बदललं. मला वाटायचं, कुलरची घरघर हा मोठा शत्रू. मे महिन्यात नागपुरात तो बंद ठेवायची सोयच नाही. पण वाचनाला एकसुरी आवाजापेक्षा अर्थ कळणारं बोलणं जास्त नडतं, कारण वाक्याचा अर्थ लावायला मेंदू जी यंत्रणा वापरतो तीच ते बोलणं पळवतं. आमच्या घरी खरा त्रास आठच्या मालिकेचा होता. तिच्या एका मैत्रिणीने भरपूर फी भरून एसी अभ्यासिका घेतली, तिथे दोन टेबलं पलीकडे कुजबुज चालायची. ती महिन्याभरात परत आली. सीट घेण्याआधी एक पूर्ण दुपार तिथे बसून बघा. एसी आणि वायफाय नंतर विचारा.

घराची एक बाजू अभ्यासिकेला कधीच मिळणार नाही: मोठ्याने वाचता येतं. मोठ्याने उच्चारलेले शब्द मनात वाचलेल्यांपेक्षा जास्त आठवतात, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि पुस्तक मिटून स्वतःलाच विचारता येतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवडाभराने मात्र आठवून बघणारे पुढे गेले. मार्कर फिरवून झालं असं वाटतं, ते त्या पहिल्या पाच मिनिटांपुरतं.

शेवटी आम्ही ठरवलं ते असं: सकाळी सहा ते नऊ घरी, घटना आणि अर्थशास्त्र, मोठ्याने. दुपारी अभ्यासिका, एकाच महिन्याची फी भरून. आठची मालिका आता हेडफोनवर, त्याला माझी आई आनंदाने तयार झाली. मार्कर ड्रॉवरमध्ये आहे. काल सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीपाशी गेलो, तर पुस्तक मिटलेलं आणि ती खिडकीकडे तोंड करून स्वतःलाच सांगत होती, "धन विधेयक आहे की नाही, याचा निर्णय लोकसभेचे अध्यक्ष देतात. आणि तो अंतिम असतो."