ग्रीक राजा आणि गावभागातली ड्रेपरी

सांगलीत गावभागात एक ड्रेपरीचं जुनं दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर करणार आहे. आमच्या हौशी मंडळाने स्पर्धेसाठी जुन्या ग्रीक नाटककार सोफोक्लिसचं ‘राजा ईडिपस’ केलं, त्याचे सगळे कपडे आणि दाढ्या-मिश्या तिथूनच भाड्याने घेतल्या. आधी निकाल सांगते: कपड्यांना पैकीच्या पैकी, दाढी-मिशीला काठावर पास.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली आणि वर माळा. २०१९ च्या पुरात खालच्या पेट्या गेल्या, म्हणून खऱ्या जरीचा माल आता माळ्यावरच. शिवकालीन अंगरखे, जिरेटोप, रामाचा मुकुट, शाळेच्या गॅदरिंगला लागणारे वाघ-सिंह, सगळं हाताशी. ग्रीक काही नाही. मालकांना सगळे मामा म्हणतात. मी म्हटलं, राजा आहे, माणूस चांगला आहे, पण शेवटी त्याचं वाटोळं होतं. मामा म्हणाले, “मग कर्ण घ्या की ताई. कवच-कुंडलं कालच पुसून ठेवल्यात.”

आपल्याकडे शोकांतिका म्हटलं की सगळ्यांना कर्णच आठवतो, आणि मला तिथेच अडायचं होतं. कर्णाला युद्धाआधी कृष्ण सांगतो, मग कुंती सांगते. आपण कोण हे कळल्यावर, जाणूनबुजून तो दुर्योधनाकडे राहतो. ईडिपसचं उलटं. बापाला मारशील, आईशी लग्न करशील ही भविष्यवाणी ऐकून तो कॉरिंथ सोडतो, ते तिथल्या आईबापांना वाचवायला. ते फक्त सांभाळणारे, हे त्याला ठाऊक नसतं. तिवाट्यावर भांडणात एका म्हाताऱ्याला मारतो, तो थीब्ज शहराचा राजा आणि याचा खरा बाप. स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं सोडवून थीब्ज वाचवतो, तिथल्या राणीशी लग्न करतो, ती याची खरी आई. हे सगळं पडदा उघडण्याआधीच होऊन गेलेलं. रंगमंचावर दिसते ती फक्त चौकशी. गावात साथ आहे, आधीच्या राजाचा खुनी शोधा असा देवाचा कौल आहे, आणि ती चौकशी लावतो तो हा स्वतः. खुन्याला भर सभेत शापही देतो. कॉरिंथहून आलेला निरोप्या त्याची भीती घालवायला म्हणून बोलतो आणि त्याच बोलण्यातून फास आवळत जातो. लोकांची कळकळ, खरं शोधायचा हट्ट, डोक्यात पटकन जाणारी तिडीक: ज्या गुणांनी तो राजा झाला तेच त्याला खड्ड्याकडे नेतात.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणतो, शोकांतिकेचा नायक ना साधू असावा ना दुष्ट. मोठ्या नावलौकिकाचा असावा आणि एखाद्या चुकीपायी कोसळावा. साधू कोसळला तर प्रेक्षक चिडतो, दुष्ट कोसळला तर ‘बरं झालं’ म्हणतो. करुणा आणि भीती दोन्ही हव्या असतील तर माणूस या दोघांच्या मधला लागतो. मग त्याला कवच घालून कसं चालेल? पहिल्या एंट्रीलाच तो बिचारा दिसेल. मला असा राजा हवा होता, ज्याच्याकडे गाऱ्हाणं घेऊन जावंसं वाटेल.

मामांनी एवढं सगळं ऐकून घेतलं, बिडी विझवली आणि माळ्यावरून रुंद काठाचं जाड सुती कापड काढलं. दोन्ही खांद्यांवर पिन, कमरेला पट्टा, वर एक डाळिंबी शेला. झाला राजा. मुकुट पुढे केला होता, तो मी परत दिला. दुकानातल्या पोराने मोबाइलवर जाड तळव्याचे ग्रीक बूट दाखवले. ते फार नंतरच्या काळातले, सोफोक्लिसचे नट मऊ तळव्याचे घालत. बूट रद्द, साध्या चपला. सोफोक्लिसचा कोरस, म्हणजे एकसुरात बोलणारा-गाणारा गावकऱ्यांचा जथा, पंधरा जणांचा, आमचा आठांचा. त्यांना दिंडीच्या सीनची उपरणी चहाच्या पाण्यात बुडवून दिली, थीब्जचे म्हातारे छान मळकट दिसले.

पण दुकानाची खरी कमाल पिनांत. सत्य कळल्यावर राणी योकास्ता आत जाऊन गळफास घेते आणि ईडिपस तिच्याच वस्त्रावरच्या सोन्याच्या पिना उपसून डोळ्यांत खुपसतो. यातलं काहीच मंचावर घडत नाही, आतून आलेला सेवक येऊन सांगतो. म्हणजे त्या पिना प्रेक्षकाने आधी नीट पाहिलेल्या हव्यात, मागच्या रांगेतून सुद्धा. मामांनी जुन्या पितळी बाजूबंदाच्या दोन चकत्यांना वीतभर सळ्या डाग देऊन जोडल्या, टोकं कानशीने बोथट केली, मागे सेफ्टीपिन लपवली. आमची योकास्ता बोलताना सारखा खांदा सावरायची, दिव्यात पितळ चमकायचं. सेवकाने ‘पिना’ म्हटलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजींचा हात स्वतःच्या खांद्याकडे गेला. एवढ्यासाठी भाडं वसूल.

आता कुरकुर. दाढी चिकटवायचा स्पिरिट गम पातळ होता. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस राजाशी भांडत असताना त्याची दाढी एका बाजूने सुटली. त्याने ती मुठीत धरून भविष्य सांगितलं, ते शोभलं हे नशीब. रंगीत तालमीला कपडे दुपारी येणार होते, ते दिवेलागणीला आले. शेवटच्या प्रवेशासाठी मामा रक्ताची अख्खी बाटली ओतायला निघाले होते, मी गालांवर दोन ओघळांवर थांबवलं. आणि त्याच रक्ताचा, म्हणजे त्यांनीच विकलेल्या रक्ताचा डाग शेल्याला लागला म्हणून डिपॉझिटमधून धुलाई कापली. यावर मी भांडले, अर्धे पैसे परत मिळाले.

कपडे परत द्यायला गेले तेव्हा मामांनी विचारलं, “नंबर आला का?” नाही आला. खुद्द सोफोक्लिसलाही या नाटकाच्या वेळी पहिला नंबर मिळाला नव्हता असं जुने लोक लिहून गेलेत, हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग परीक्षक तवाबी असलंच होतं.”

भाडं एका संचाला अडीचशे, डिपॉझिट वेगळं, पावती मागितली तरच मिळते. पौराणिक-ऐतिहासिकाला डोळे झाकून जा. वेगळं काही हवं असेल तर चित्र नेऊ नका, पात्र कसं आहे ते बसून सांगा, मामा ऐकतात. गम स्वतःचा न्या. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगांमुळे तिथे उभं राहायला जागा नसते, तेव्हा त्याआधीच बुकिंग करा.