गाडी परदेशी न्यावी का? आठ महिने फोंड्याला ठेवून पाहिल्यानंतरचा अनुभव

चवथीच्या दोन दिवस आधी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळं-पानांच्या छताचं) सामान आणायला गाडी काढायला गेलो आणि गाडी जागची हलली नाही. बॅटरी उतरली असणार हे धरूनच चाललो होतो. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावला, इंजिन सुरू झालं. पहिला गियर टाकून क्लच सोडला तर गाडी मागून खाली दबली आणि बंद पडली. हँडब्रेक खाली केलेला होता, तरी मागची दोन्ही चाकं घट्ट.

२०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, जीए-०५ नंबर, एकहाती, ४१ हजार किलोमीटर. अशी गाडी गोव्यात दर दुसऱ्या अंगणात उभी असते, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलो तेव्हा तिचं काय करायचं यावर घरात महिनाभर खल चालला होता. न्यायची, विकायची की ठेवायची? आम्ही ठेवली. त्याचा हा आठ महिन्यांचा अनुभव.

न्यायचा विचार मी खरोखर केला होता. इंग्लंडमध्येही गाडी डाव्या बाजूने चालते, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे हेडलाइटचा झोतसुद्धा बदलावा लागत नाही. करही वाचतो. तुम्ही किमान १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेले असाल आणि गाडी किमान ६ महिने तुमच्या मालकीची व वापरातली असेल, तर वास्तव्य हलवल्याची सवलत मिळते. नाहीतर १० टक्के आयातशुल्क आणि त्यावर २० टक्के व्हॅट. सवलत घेतल्यावर अट एकच, पुढचे १२ महिने ती विकायची नाही की कुणाला चालवायला द्यायची नाही. दुबईला जाणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही, तिथे उजव्या स्टिअरिंगची गाडी चालत नाही. अमेरिकेत २५ वर्षांच्या आतली आणि कॅनडात १५ वर्षांच्या आतली गाडी त्यांच्या मानकांप्रमाणे बनलेली नसेल तर जवळपास दार बंदच. ऑस्ट्रेलियाला न्यायची तर जहाजावर चढवण्याआधी परवानगी हवी, आणि गाडीच्या पोटाखाली मातीचा कणही चालत नाही. आपल्या तांबड्या मातीत सात पावसाळे काढलेल्या गाडीचं तिथे कसं व्हायचं कोण जाणे.

इंग्लंडचं घोडं अडलं ते तपासणीवर. दहा वर्षांच्या आतली, युरोप-ब्रिटनबाहेरच्या बाजारासाठी बनलेली गाडी तिथे नोंदवायची तर आधी स्वतंत्र तपासणी पास व्हावी लागते. स्पीडोमीटरवर मैल दिसले पाहिजेत, मागे फॉग लॅम्प पाहिजे. आपल्या छोट्या गाड्यांत हा मागचा दिवा सहसा नसतोच. दिवा बसवता येतो, पण तपासणीत आणखी काय निघेल हे आधी कुणी सांगत नाही. मुरगाव बंदर इतकं जवळ, पण एजंटने कंटेनर मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातूनच जाईल म्हणून सांगितलं. वर तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात, तेव्हा दिवसांचं काही विचारू नका, असंही. मला आलेला आकडा सगळं धरून पावणेतीन लाखांचा होता. गाडीला त्या वेळी सव्वाचार लाखांचं गिऱ्हाईक होतं.

ते गिऱ्हाईक मी परत पाठवलं, कारण बाबा म्हणाले, "असू दे रे, तुम्ही याल तेव्हा लागेल. मी दर आयतवारी चालू करीन."

आणि त्यांनी ती केलीही. मेपर्यंत एक रविवार चुकवला नाही. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, बंद करायचं, कापडाने काच पुसायची, आणि अंगण उताराचं म्हणून हँडब्रेक शक्ती लावून वर ओढायचा. माझं सांगणं या हँडब्रेकबद्दलच आहे. जाण्याआधी मी इन्शुरन्स भरला, टायरमध्ये हवा जास्त भरून घेतली, सीटवर चादर घातली. "हँडब्रेक ओढू नका, गियरमध्ये ठेवा आणि चाकाला चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तुकडा लावा" एवढं एक वाक्य बोलायचं राहून गेलं. उभ्या गाडीचं इंजिन पाच मिनिटं चालवून बॅटरीही पुरती भरत नाही, हे मला इथे आल्यावर कळलं. जूनमध्ये पाऊस लागला, बाबांचा गुडघा दुखायला लागला आणि रविवार सुटले. त्या पावसात, ओढलेल्या हँडब्रेकसकट, गाडी अडीच महिने उभी राहिली.

गॅरेजवाला घरी आला. मागचं चाक काढून त्याने ब्रेकच्या ड्रमच्या कडेवर हातोडी चालवली, थोडं फिरवून परत, थोडं फिरवून परत. खाली फरशीवर गंजाचा तांबूस भुगा पडत होता. वीसेक मिनिटांनी ड्रम निघाला, तेव्हा लायनरचा (ब्रेक लागताना ड्रमला घासणारा) पट्टा ब्रेक-शूवरून सुटून ड्रमला चिकटलेला होता. "पात्रांव, हो हँडब्रेक वोडून दवरिल्ल्याचो परिणाम," (साहेब, हा हँडब्रेक ओढून ठेवल्याचा परिणाम) एवढंच तो म्हणाला. बाबा मागेच उभे होते. ते काही न बोलता आत गेले, आणि मला आठ महिन्यांत सगळ्यात वाईट त्या क्षणी वाटलं.

मग आतलं पाहिलं. स्टिअरिंगवर आणि बेल्टवर पांढरी बुरशी, गालिचा ओला. टाकीत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने राहिलेलं. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गॅरेजवाल्याने ते काढायलाच लावलं.

हे लिहायला घेतलं त्या संध्याकाळी मी इतका चिडलो होतो की "सरळ घेऊन जा" असंच लिहिणार होतो. मला ती अजूनही नेता येईल, तिकडे पोचल्यापासून १२ महिन्यांपर्यंत सवलत मिळते, म्हणजे डिसेंबरपर्यंत वेळ आहे. रात्री जेवणानंतर वहीत हिशोब मांडला आणि मत फिरलं. दोन्ही ड्रम आणि लायनर, नवी बॅटरी, आतली सफाई, पेट्रोल मिळून १६,८०० रुपये. इन्शुरन्सचे ७,९०० वेगळे. आज तीन लाख साठ हजारांची मागणी आहे. म्हणजे गाडी एक मीटरही न चालता आठ महिन्यांत जवळपास नव्वद हजार गेले. नेली असती तर पावणेतीन लाख आणि तपासणीची टांगती तलवार, शिवाय तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीच्या पोटाला लागतं ते निराळंच. स्विंडनला आम्ही जुनी छोटी गाडी घेतली. तिची वर्षाची तपासणी झालेली होती, पार्ट कोपऱ्यावर मिळतात, आणि आजवर तिने एकदाही त्रास दिलेला नाही. जानेवारीच्या थंडीत बसस्टॉपवर उभा असताना मला फोंड्यातली गाडी आठवायची, हे खरं आहे. गाडी घेतल्यावर ते थांबलं.

म्हणून, न्यायची की नाही एवढ्यातच अडकलेल्यांना माझं सांगणं: न्या किंवा विका, पण "येऊ तेव्हा लागेल" म्हणून आईवडिलांच्या अंगणात ठेवून जाऊ नका. तुम्ही वर्षातून तीन आठवडे येता आणि उरलेले एकोणपन्नास आठवडे ते काम त्यांच्या गळ्यात पडतं. गाडी जाम झाली की दोष आपलाच, असं बाबांना वाटलं. मी दोन दिवस समजावतोय, पण ते अजून अंगणात गेले की त्या बाजूला बघत नाहीत.

डिचोलीचं गिऱ्हाईक रविवारी येतंय. बँकेचं हायपोथिकेशन (गाडीवरची कर्जाची नोंद) मी जाण्याआधीच काढून ठेवलं होतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सह्या करून तयार आहेत. माझ्या विमानाआधी आरटीओचं काम नाही उरकलं, तर भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून जाईन. तोवर गाडी पहिल्या गियरमध्ये उभी आहे, हँडब्रेक खाली आणि मागच्या चाकाला चिरा.