मीटरवर ७८ हजार, इंजिन दोन लाखांचं

"डिझेल गाडी मरत नसते मालक, ऑइल तेवढं बदलत राहायचं." जुन्या गाड्या विकणाऱ्या एजंटचं हे वाक्य मला पटलं, कारण ते खोटं नाही. स्विफ्टमधलं ते १.३ लिटरचं इंजिन मूळ फियाटचं. ठरावीक अंतराने बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. सांभाळलं तर दोन लाख किलोमीटर सहज जातं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्यावर तर अशा जुन्या गाड्यांना जास्तच गिऱ्हाईक मिळू लागलं. मीही त्यातलाच एक.

२०१२ची, एमएच १३ पासिंगची, मीटरवर ७८ हजार. सौदा २ लाख ८५ हजारांना ठरला.

त्याने मला एप्रिलमध्ये दुपारी दोनला बोलावलं होतं. बोनेटला हात लावला तर गरम. मनात म्हटलं, सोलापूरच्या उन्हात सकाळपासून उभी असलेली गाडीही पोळतेच की! गाडी आधीच अर्धा तास चालवून ठेवली होती, हे नंतर कळलं. गार इंजिन पहिल्यांदा सुरू करताना काय धूर ओकतं, ते मला दिसूच दिलं नाही. विजापूर रोडवर सपाटीला दोघंच बसून चक्कर मारली, गाडी लोण्यासारखी पळाली.

महिन्याभराने घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघालो. घाटात चौथ्यात एक्सलरेटर दाबला की इंजिन नुसतं किंचाळायचं, गाडी जागची हलेना. मागे निळसर धूर. आई म्हणाली, "नारळ घरीच फोडायला हवा होता."

दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडला शाळेतल्या मित्राच्या गॅरेजवर नेली. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून त्याने क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते चालूच राहिलं. क्लच प्लेट संपलेली, इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचतच नव्हती. मग चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवलं, तर ते थडथडा उडायला लागलं आणि आतून धूर. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात बे. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, खाली ऑइलकडे उतरतंय. धूर दिसू नये म्हणून घट्ट ऑइल घातलंय, वरून औषध. घ्यायच्या आधी मला फोन करायला काय झालं होतं तुला?"

७८ हजारांतच इंजिन एवढं कसं संपलं, हे मीटरचं कोडं मात्र सर्व्हिस सेंटरला सुटलं. गाडीचा नंबर सांगितल्यावर जुनी नोंद निघाली: २०१८मध्ये १ लाख ६४ हजार. म्हणजे मला दाखवलेल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त, तेही इतक्या वर्षांपूर्वी. ही चौकशी मी सौद्याआधी करू शकलो असतो, दहा मिनिटांचं काम. मला कौतुक होतं ते नव्याकोऱ्या पेडल रबरांचं आणि स्टिअरिंग कव्हरचं. ७८ हजार चाललेल्या गाडीला ती बदलावी का लागली, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

एजंटकडे गेलो. त्याने चहा मागवला आणि स्टँप पेपर पुढे केला. "गाडी जशी आहे तशी पाहून, समजून घेतली", खाली माझी सही. "जुन्या गाडीच्या मीटरची गॅरंटी कोण देतं, मालक?"

इंजिनकाम आणि क्लच मिळून ६८ हजार गेले. आता गाडी चांगली चालते, खोटं कशाला बोलू. परवा बार्शीचे पाहुणे आले होते, मीटरवर ८१ हजार बघून म्हणाले, "विकणार असाल तर सांगा." खरा आकडा सांगितला, तर हसून म्हणाले, "विकायची नाही असं सरळ सांगा ना."