बर्फावर पडलो तेव्हाची गोळी, शेवाळावर पडलो तेव्हाची गोळी

इंग्लंडातल्या स्विंडनहून भाच्याचा फोन आला. "मामा, पुढच्या महिन्यात मनगटातली पट्टी काढणार ना? त्या गोळ्या घेऊन येऊ?"

त्या गोळ्या म्हणजे पॅरासिटामॉल आणि कोडीनची जोडगोळी. तिकडे तिला को-कोडामोल म्हणतात. आपल्याकडे हाडाचा डॉक्टर त्याच कामाला पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल एकत्र असलेली गोळी लिहितो. दोन्ही मी पोटात घालून पाहिल्या आहेत, दोन्ही वेळा घसरून पडल्याच्या निमित्ताने. एकदा भाच्याच्या दारात बर्फावर पडलो आणि बरगडीला चीर गेली. दुसऱ्यांदा आमच्या डिचोलीच्या घरी, विहिरीकडच्या पायरीवरच्या शेवाळावर. तेव्हा मनगट मोडलं आणि आत धातूची पट्टी बसवावी लागली.

आधी सरळ सांगतो, दुखणं बेताचं असेल तर या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. साधी पॅरासिटामॉल घड्याळ लावून घेतली तर पुष्कळदा भागतं. हे दोन्ही अफूच्या गोतावळ्यातले जिन्नस आहेत. एक अफूतच सापडतो, दुसरा कारखान्यात तयार होतो. पुढचं सगळं डॉक्टर "आता जरा जोरदार देतो" म्हणतो त्या चार-पाच दिवसांपुरतं.

बरगडीला मिळाली होती ती ३० मिलिग्रॅम कोडीन आणि ५०० पॅरासिटामॉलची. तिथे ८ मिलिग्रॅमवाली चिठ्ठीशिवाय मिळते, पण पाकिटावरच लिहिलेलं असतं की सवय लागू शकते, तीन दिवसांवर घेऊ नका. ३० ची मात्र चिठ्ठीवरच. गोळी घेतल्यावर तासाभरात बरगडी दुखायची थांबली असं नाही, पण ती जरा पलीकडच्या खोलीत जाऊन बसली. झोप आली. चौथ्या दिवशी लक्षात आलं की पोटाने संप केलाय. बरगडी चिरलेली असताना कुंथणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत. सुनेने मनुका भिजवून दिल्या, पाणी पाजून पाजून बेजार केलं, आणि सहाव्या दिवशी सुटलो. कोडीनचा हा दोष सगळ्यांना माहीत आहे आणि तो खरा आहे. पहिल्या दिवसापासून इसबगोल आणि पाणी धरलं असतं तर एवढं झालं नसतं, असं आपलं माझं मत.

आता ट्रामाडॉल. ३७.५ मिलिग्रॅम, सोबत ३२५ पॅरासिटामॉल. दुखणं थांबवण्यात ही कमी पडली असं म्हणणार नाही. उलट मनगटाला आराम थोडा जास्तच वाटला असेल. पण दुसऱ्या दिवशी जे घडलं ते विसरता येत नाही.

जुलै महिना होता, मासेमारी बंद. घरात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, सुकं मासळीचं काढलेलं. हिने दुपारी किसमूर करायला सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, तव्यावर भाजायला घेतली. किसमूर म्हणजे माझा जीव. भाजण्याचा वास सोप्यापर्यंत आला की मी एरवी बोलावण्याची वाट न पाहता पाटावर जाऊन बसतो. त्या दिवशी तो वास आला आणि पोटातून असं काही ढवळून आलं की प्लास्टरचा हात सांभाळत परसात धावलो. कपाळावर घाम, माड गोल फिरताहेत. संध्याकाळी पुन्हा तेच, आणि तेव्हा तर साधा वरण-भात होता. पाच दिवस मी पेज आणि लोणच्यावर काढले आणि हिने पाच दिवस सुकं डब्याबाहेर काढलं नाही. पावसाळ्यात गोव्यातल्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती असेल, मला माहीत नाही.

डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी उलटी थांबवायची वेगळी गोळी जोडून दिली. उलटी थांबली. पण त्या गोळीनेही पोट आवळतं! म्हणजे कोडीनचं जे दुखणं मला टाळायचं होतं, ते मागच्या दाराने घरात आलंच.

अर्थात, मळमळ कोडीननेही होते, कुणाला ट्रामाडॉल अगदी सुखाची जाते. माझ्या मेव्हण्याने गुडघ्याच्या वेळी आठवडाभर घेतली आणि रोज बांगडा मागितला. शरीराशरीराचा फरक आहे. कोडीनचं पोटात गेल्यावर यकृतातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) मॉर्फीन होतं तेव्हा ते काम करतं. कुणाचं हे विकर सुस्त, त्याला गोळी घेऊन न घेतल्यासारखी. कुणाचं भलतंच चपळ, त्याला तीच गोळी जड जाते. ट्रामाडॉललाही तेच विकर लागतं, पण त्याशिवाय ते मेंदूतल्या सेरोटोनिनशीही खेळतं. म्हणून गोळी घेणाऱ्याला कधी फिट आली असेल किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, तर ट्रामाडॉलचं नाव निघताच डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. बारा वर्षांखालच्या मुलांना दोन्ही नकोत, अंगावर पाजणाऱ्या आईलाही नकोत. आणि फेणी? या दोहोंपैकी एकही पोटात असताना पेला पालथा ठेवायचा. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजणीत धरायचं. चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाही.

मिळण्याच्या बाबतीत मात्र ट्रामाडॉलवाली पुढे आहे. म्हापशात तीन फार्मस्या पालथ्या घातल्या, कोडीन-पॅरासिटामॉल एकीकडेही नव्हती. ट्रामाडॉलवाली तिघांकडे होती, अर्थात चिठ्ठी दाखवूनच. ती शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या यादीतली, त्यामुळे वेगळ्या वहीत माझं आणि डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं. ती वही त्यांना तीन वर्षं जपावी लागते. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्यातही आलंय. एवढं असूनही मिळते हे खरं.

तेव्हा मला विचाराल तर, दोन्ही समोर ठेवल्या तर माझा हात कोडीनकडे जाईल. पोट आवळलं तर उपाय घरात आहे. किसमूर नकोशी झाली तर काय करायचं?

भाच्याला मात्र नकोच म्हटलं. तो दुबईमार्गे येतो, आणि तिथे कोडीन नियंत्रित औषधांत धरतात, आधी परवानगी काढावी लागते. माझ्या मनगटापायी पोराला विमानतळावर बसवून ठेवायचं नाही. शिवाय ती गोळी तिकडच्या डॉक्टरने बरगडीसाठी दिली होती, मनगटासाठी नव्हे. त्याऐवजी परवा तपासणीला गेलो तेव्हा माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहवून घेतलं: ट्रामाडॉलने उलट्या. डॉक्टर म्हणाले, पट्टी काढण्याचं दुखणं बसवण्याएवढं नसतं, साध्या पॅरासिटामॉलवर बघू. ऑपरेशन ऑगस्टात आहे. मासेमारी तोवर सुरू झालेली असेल.