कव्हर अस्सल, आतली रेकॉर्ड नकली

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या जुन्या रेकॉर्डी गोळा करणाऱ्यांनी हे वाचावं, म्हणून लिहितो आहे. डोळे मिटून व्यवहार केला आणि फसलो, असं माझ्या बाबतीत झालं नाही. मला जेवढं तपासता येत होतं तेवढं मी तपासलं होतं. पण माझ्यासारखा माणूस काय काय तपासतो, हे समोरच्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं आणि त्याने सापळा नेमका त्याच्या पलीकडे लावला होता.

रेकॉर्ड होती क्रेसिडा या ब्रिटिश बँडची, ‘असायलम’. १९७१ मध्ये व्हर्टिगो या रेकॉर्ड कंपनीने काढलेली, क्रमांक ६३६० ०२५. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा बँड आधीच फुटला होता. कार्यक्रम करून ती लोकांपर्यंत न्यायला कोणी उरलंच नव्हतं, त्यामुळे ती खपली कमी, आणि जे तेव्हा खपलं नाही त्याच्याच मागे आज सगळे असतात. त्यातून लेबल, म्हणजे तबकडीच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद, व्हर्टिगोचं, त्या काळ्या-पांढऱ्या भोवऱ्याचं. एका बाजूचं जवळपास अख्खं लेबल भोवऱ्याने भरलेलं असतं आणि दोन्ही बाजूंच्या गाण्यांची नावं दुसऱ्या बाजूच्या लेबलावर असतात. रेकॉर्ड फिरायला लागली की तो भोवरा नजरेला आत ओढतो. १९६९ ते १९७३ एवढीच वर्षं हे भोवऱ्याचं लेबल चाललं. ही रेकॉर्ड मी आधी सीडीवर ऐकली होती, अनेकदा. ऑर्गन आणि वाद्यवृंद एकमेकांत मिसळतात तो भाग मूळ तबकडीवर ऐकायचा, ही माझी फार जुनी इच्छा होती. त्यासाठी दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होतो.

विकणाऱ्याशी ओळख झाली ती वेगळ्याच रेकॉर्डीमुळे. आधी त्याने मला दोन साध्या, स्वस्तातल्या रेकॉर्डी विकल्या. त्यातली एक चरिझ्मा कंपनीच्या, मॅड हॅटरचं चित्र असलेल्या लेबलवरची होती. दोन्ही अस्सल. एवढंच नाही, त्याने ज्या रेकॉर्डीला ‘व्हीजी प्लस’, म्हणजे बऱ्यापैकी चांगली, म्हटलं होतं ती मला त्याच्या वरच्या दर्जाची, ‘निअर मिंट’, म्हणजे जवळपास नवी, वाटली. हात राखून दर्जा सांगणारा विकणारा भेटला की संग्राहक त्याचा होऊन जातो, कारण बहुतेक जण उलटं करतात. मधल्या चार महिन्यांत आमचं बरंच बोलणं झालं. किंग क्रिमसन या बँडच्या पहिल्या रेकॉर्डीचं आयलंड कंपनीचं गुलाबी लेबल आणि नंतरचं ताडाच्या झाडाचं लेबल, दोन्हींच्या आवाजात खरंच किती फरक आहे, यावर तो तासभर लिहायचा. माणूस जाणकार होता, यात मला आजही शंका नाही. ती जाणकारी मी प्रामाणिकपणाची खूण समजलो.

मग एक दिवस त्याने हळूच विषय काढला, की एका ओळखीच्या माणसाचा संग्रह आलाय, त्यात ‘असायलम’ आहे, अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मी फोटो मागितले. आले. कव्हरचे सहा, लेबलांचे दोन, आणि मी मुद्दाम मागितलेला डेड वॅक्सचा एक. डेड वॅक्स म्हणजे शेवटचं गाणं संपल्यानंतर लेबलापर्यंत उरणारा तो गुळगुळीत पट्टा. मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ती बाजू कुठल्या मूळ कोरणीवरून निघाली ते सांगणारा क्रमांक, तिथेच असतो. व्हर्टिगोच्या ब्रिटिश प्रेसिंगवर, म्हणजे ब्रिटनमध्ये दाबलेल्या प्रतींवर, तो यंत्राने ठोकलेला, एकसारख्या छोट्या अक्षरांत असतो: कॅटलॉग क्रमांक आणि त्यापुढे १वाय//१ अशा धाटणीची खूण. फोटोत तो अगदी तसाच होता. आणखी काय बघायचं, असं मला वाटलं.

तेवढ्यात दुसरा गिऱ्हाईक उभा राहिला. तो उद्या पैसे पाठवायला तयार आहे, पण तुम्ही आधी विचारलंत म्हणून तुमच्यासाठी थांबलोय, असं विकणाऱ्याने लिहिलं. आणि पैसे नेहमीच्या संरक्षित मार्गाने न पाठवता घरच्या माणसाला किंवा मित्राला पाठवतात तसे पाठवा, म्हणजे मधलं शुल्क वाचेल आणि तेवढी किंमत कमी करतो. पहिल्या दोन रेकॉर्डींचे पैसे मी संरक्षित मार्गानेच दिले होते. तेव्हा त्याने एका शब्दाने हरकत घेतली नव्हती. या वेळी मी त्याचं ऐकलं. माझ्याकडून काही चुकलं असेल तर ते इथे चुकलं.

पार्सल आलं तेव्हा पहिली नजर कव्हरवर गेली, आणि कव्हर खरोखर अस्सल होतं. आजही माझं तेच मत आहे. गेटफोल्डच्या, म्हणजे पुस्तकासारख्या उघडणाऱ्या कव्हरच्या, पाठीच्या घडीवर कागद पांढरा पडलेला, कडा मऊ झालेल्या, वर्षानुवर्षं आत रेकॉर्ड राहिल्यामुळे उमटलेलं फिकट वर्तुळ, आणि आत शिळ्या पुठ्ठ्याचा तो वास. नव्या छपाईत बारीक अक्षरं फुटतात, कारण ती जुन्या कव्हरच्या स्कॅनवरून छापलेली असतात. इथे भिंगाखाली अक्षरांच्या कडा धारदार होत्या. कव्हर खरं, म्हणून आतली वस्तू खरी, हे मी तिथल्या तिथे धरून चाललो. रेकॉर्ड बाहेर काढली, भोवरा पाहिला, पृष्ठभागावर एकही रेघ नाही हे पाहून आनंद झाला, आणि लावली.

पहिल्या बाजूवर नऊ मिनिटांहून लांब एक गाणं आहे. त्यातल्या एका हळू जागी मला टकटक ऐकू आली. टक्, थोडं थांबून टक्, पुन्हा टक्, आठ-नऊ वेळा. जुन्या रेकॉर्डीत हे नवीन नाही. ३३ आणि एक-तृतीयांश फेऱ्यांच्या वेगाने एक फेरी १.८ सेकंदांत होते. ओरखडा खाचांना आडवा छेदून गेला असेल तर सुई दर फेरीला त्याच्यावरून जाते आणि तेवढ्याच अंतराने आवाज येतो. म्हणून मी रेकॉर्ड उचलली आणि टेबलाच्या दिव्याखाली तिरकी धरली. ती जागा शोधली. तिथे ओरखडा नव्हता. केसाएवढासुद्धा नव्हता. मऊ ब्रशने साफ करून पुन्हा लावली. टकटक तिथेच, तेवढीच.

रात्री हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. दोन गाण्यांच्या मधे एकदम गुडुप शांतता, आणि पुढचं गाणं सुरू व्हायच्या क्षणभर आधी अचानक खरखर उठते, मग वाद्यं येतात. खऱ्या जुन्या रेकॉर्डीत खरखर अशी थांबत नाही, ती गाण्यांच्या मधल्या जागेतही चालूच असते. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ती टकटक माझ्या हातातल्या तबकडीची नव्हतीच. कुणाच्या तरी जुन्या, ओरखडा पडलेल्या प्रतीवरून आवाज उतरवून घेतला होता, मधल्या जागा कापून साफ केल्या होत्या, आणि त्यावरून ही नवी तबकडी दाबली होती. दुसऱ्याच्या रेकॉर्डीवरचा ओरखडा मी अस्सलच्या भावाने विकत घेतला होता.

मग मी त्या डेड वॅक्सकडे नीट बघितलं, जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. नंबर होता, पण हाताने कोरलेला, आकडे थोडे तिरपे, एक आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा. फोटोतला यंत्राने ठोकलेला नंबर कुठल्यातरी दुसऱ्याच प्रतीचा होता. फोटो पुन्हा उघडले. लेबलाच्या भोकाभोवती बारीक चकचकीत रेषा दिसत होत्या. रेकॉर्ड स्पिंडलवर, म्हणजे प्लेअरच्या मधल्या खुंटीवर, बसवताना भोक चुकून खुंटी जिथे जिथे घासते तिथे त्या उमटतात. माझ्या प्रतीच्या लेबलावर अशी एकही रेष नव्हती. पन्नास वर्षं जुन्या, कव्हर झिजलेल्या रेकॉर्डीचं भोक मात्र कोरं. मला ते पहिल्या दिवशी चांगल्या अवस्थेचं लक्षण वाटलं होतं. हातात घेतली तेव्हा ती जराशी जड लागली होती, तेही मी सोडून दिलं. आजच्या बऱ्याच रीइश्यू, म्हणजे जुन्या रेकॉर्डींच्या नव्याने काढलेल्या आवृत्त्या, १८० ग्रॅमच्या असतात, १९७१ मधल्या रेकॉर्डी सहसा त्याहून हलक्या.

मी त्याला लिहिलं. आधी उत्तर आलं, की त्या काळी काही प्रती हाताने कोरलेल्या निघाल्या. मग म्हणाला, मूळ टेपमध्येच आवाज आहे. माझ्याकडे सीडी आहे आणि तिच्यात तो आवाज नाही, असं मी कळवलं. त्यानंतर उत्तर आलं नाही. आठवड्याने त्याचं खातंही नव्हतं. मित्राला पाठवतात तसे पाठवलेले पैसे हे व्यवहाराचे पैसे धरलेच जात नाहीत, त्यामुळे तक्रारीला जागाच उरली नव्हती.

रीइश्यूंविषयी माझी तक्रार मुळीच नाही, हे इथे स्पष्ट सांगतो. मालकांच्या परवानगीने, नीट टेपवरून काढलेली रीइश्यू ही फार चांगली गोष्ट आहे. किंग क्रिमसनच्या पहिल्या रेकॉर्डीची २००९ ची आवृत्ती घ्या. स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने ती मूळ ट्रॅकवरून, म्हणजे वाद्यांच्या वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांवरून, नव्याने मिक्स केली, आणि त्यात जे ऐकू येतं ते जुन्या प्रेसिंगवर झाकलेलं होतं. माझा राग आहे तो परवानगीशिवाय दाबलेल्या प्रतींवर, ज्यांचा एक पैसाही वाजवणाऱ्यांपर्यंत जात नाही, आणि त्याहून जास्त, त्या प्रती खऱ्या कव्हरात घालून खऱ्या म्हणून विकणाऱ्यांवर. खऱ्या कव्हराशी नकली रेकॉर्डीचं असं लग्न लावलेल्या प्रती आता वाढल्या आहेत. चांगल्या कव्हरातली रेकॉर्ड खराब झाली, की कव्हर वेगळं विकलं जातं, आणि पुढे त्याचं काय होतं ते मी भोगलं आहे.

आता मी खरेदी करतो तेव्हा फोटो मागताना एक गोष्ट सांगतो: कागदाच्या चिठोऱ्यावर आजची तारीख लिहा, ती डेड वॅक्सच्या शेजारी ठेवा आणि लेबल, भोक, नंबर सगळं एकाच फोटोत येऊ द्या. दुसऱ्याचा फोटो उचलून पाठवणाऱ्याला हे जमत नाही. आणि नंबर फक्त बरोबर आहे का एवढं न बघता, तो कसा लिहिलाय हे बघतो. प्रत्येक कारखान्याची आपली रीत होती. ईएमआय कंपनीच्या रेकॉर्डींवर डेड वॅक्समध्ये, लेबलाच्या उजव्या अंगाला, स्टॅम्परचा, म्हणजे रेकॉर्ड दाबायच्या धातूच्या साच्याचा, क्रमांक अक्षरांत असतो: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी, म्हणजे क्रमाने १ ते ९ आणि शेवटी ०. ग्रामोफोन लिमिटेड या नावातून काढलेली ही अक्षरं. डेक्का कंपनीने त्यासाठी बकिंगहॅम हा शब्द धरला होता, त्यातही नेमकी दहा वेगवेगळी अक्षरं आहेत. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ची पहिली प्रेसिंग म्हणून जे विकतात, त्यात लेबलावरचा त्रिकोण पूर्ण निळा भरलेला हवा, नुसती बाह्यरेषा असेल तर ती नंतरची. तिथेही दोन पोस्टर आणि दोन स्टिकर नंतरच्या प्रतीतून आणून घातलेले असू शकतात, तेव्हा त्यांच्यावरून रेकॉर्डीची तारीख ठरवू नका.

अतिनील दिव्याच्या तपासणीवर बरेच जण विसंबतात. नवा कागद त्याखाली निळसर चमकतो हे खरं, पण कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची ती रसायनं त्या रेकॉर्डींच्या आधीपासून वापरात होती. शिवाय माझं कव्हर या परीक्षेत पास झालंच असतं.

मागच्या महिन्यात एकाने मला विचारलं, ती आहे तशी विकतोस का, कव्हर खरं आहे, अर्धे पैसे तरी सुटतील. विकत घेणाऱ्याला मी खरं सांगेन, पण तो पुढच्याला सांगेल याची खात्री कोण देणार? मी नाही म्हटलं. त्या संध्याकाळी न पुसणारं पेन घेऊन बसलो आणि दोन्ही लेबलांवर ‘नकली प्रत’ असं लिहिलं. भोवऱ्याच्या काळ्या भागावर शाई दिसेना, म्हणून पांढऱ्या पट्ट्यांमध्ये पुन्हा, एकेक अक्षर तोडून लिहावं लागलं.