महावज्र कक्षीय अस्त्र: एक स्टार, कारण शून्य द्यायची सोय नाही

सरळ सांगतो, घेऊ नका. ज्यांना जगावर राज्य करायचंय त्यांनी तर अजिबातच घेऊ नका. आमच्या साहेबांनी ब्रोशर बघून ऑर्डर देऊन टाकली आणि कंट्रोल रूम माझ्या गळ्यात मारली, त्यामुळे हे सगळं वापरून लिहितोय, नुसते फोटो बघून नाही.

मिळतं काय, तर 400 किलोमीटर उंचीवर फिरणारा एक प्लॅटफॉर्म आणि त्यात टंगस्टनचे 12 रॉड, प्रत्येक 6 मीटर लांब, 30 सेंटीमीटर जाड, वजन 8 टनांच्या वर. स्फोटकं नाहीत, अणुबॉम्ब नाही, नुसता वेग. आयडिया काही नवीन नाही, शीतयुद्धापासून कागदावर फिरतेय. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात 'संपूर्ण कायदेशीर' छापलंय आणि गंमत म्हणजे तेवढं एक वाक्य खरंय, 1967 च्या अंतराळ कराराने कक्षेत अण्वस्त्रं आणि सामूहिक संहाराची अस्त्रं ठेवायला बंदी आहे, धातूच्या दांड्यांबद्दल त्यात काहीच नाही.

आता ताकद. 'एका रॉडमध्ये अणुबॉम्बची ताकद' असा दावा आहे आणि तो साफ खोटा आहे. रॉड जमिनीवर आदळतो तेव्हा वेग सेकंदाला 3 किलोमीटरच्या आसपास उरतो, आणि त्या वेगाला किलोमागे जेवढी ऊर्जा असते तेवढीच साधारण एक किलो टीएनटी या स्फोटकातपण असते. म्हणजे 8 टनांचा रॉड = साधारण 9 टन टीएनटी, बस्स. हिरोशिमाचा बॉम्ब 15 हजार टनांच्या घरात होता. एवढं वजन रॉकेटने वर चढवायचं, मग खाली पाडायचं आणि मिळणार काय तर त्याच वजनाच्या दारूगोळ्याएवढा धमाका, हा हिशोब ऑर्डरच्या आधी कुणीतरी करायला हवा होता (मी नाही, मला विचारतंय कोण).

दुसरं म्हणजे बटण दाबलं की रॉड खाली पडतो हे डोक्यातून काढून टाका. कक्षेत हात सोडला की वस्तू खाली पडत नाही, ती तुमच्याच सोबत सेकंदाला साडेसात किलोमीटरने फिरत बसते. खाली आणायची तर उलट्या दिशेने इंजिन पेटवून ब्रेक मारावा लागतो, आणि ती दिशा चुकली तर खेळ खलास. सोव्हिएत लोकांनी 15 मे 1987 ला पोल्यूस नावाचं 80 टनांचं लढाऊ यान सोडलं होतं, ते रॉकेटवर उलटं बसवलेलं होतं म्हणून वर गेल्यावर 180 अंशांत वळायचं होतं, ते वळलं पूर्ण 360, मग इंजिन पेटवलं आणि कक्षेत जायच्या ऐवजी सरळ प्रशांत महासागरात. तेव्हा ही जात जुनीच आहे.

वेळेचं तर बोलूच नका. एक चक्कर दीड तासाची, पण तेवढ्यात खाली पृथ्वीपण साडेबावीस अंश फिरलेली असते, म्हणजे विषुववृत्तावर पुढची चक्कर अडीच हजार किलोमीटर पश्चिमेकडून जाते. साहेब शत्रूला दम देणार आणि मी मागून सांगणार की साहेब, उद्या दुपारपर्यंत थांबा. आमच्या अँटेनाला प्लॅटफॉर्म दिसतो एका वेळी जेमतेम 10 मिनिटं, बाकी वेळ तो वर काय करतोय ते देव जाणे.

आणि इथेच घात झाला. रॉडला नेम लागण्यासाठी जमिनीवरचा एक पक्का माहीत असलेला पॉइंट लागतो, त्याच्यावरून तो स्वतःला कॅलिब्रेट करतो, आणि कंपनीच्या इंजिनियरने त्या पॉइंटचा बीकन (म्हणजे सिग्नल देणारं यंत्र) बसवला कुठे, तर आमच्याच छतावर. का तर वायरिंग सोपं पडतं. प्रत्येक पासला (म्हणजे वरून जाताना दर वेळी) महावज्र आमच्या डोक्यावर नेम धरून तपासायचं आणि खूश व्हायचं. साहेबांनी एकदा पास संपता संपता फायर कमांड दिली, कमांड पोचली, मागून येणारे टार्गेटचे आकडे पोचायच्या आत लिंक तुटली. मॅन्युअलच्या अगदी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की टार्गेट अपुरं असेल तर शेवटचं पडताळलेलं ठिकाण धरलं जाईल.

पुढच्या पासला स्क्रीनवर फक्त 'लक्ष्य: पडताळलेलं' आणि उलटी मोजणी. रद्द करायला दोन किल्ल्या लागतात, एक माझ्याकडे, दुसरी साहेबांच्या खिशात, आणि साहेब जगाला धमकी द्यायला कॅमेऱ्यासमोर बसलेले, आत जायला कुणाची हिंमत नाही. 10 मिनिटं गेली. मग पृथ्वीच्या पलीकडे ब्रेक लागला, आणि रॉड वातावरणात शिरला की भोवती प्लाझ्मा, म्हणजे तापून विद्युतभारित झालेला वायू, तयार होतो, त्यातून रेडिओ आत जात नाही, म्हणजे किल्ली मिळाली असती तरी उपयोग शून्य. भस्मासुराचा हात त्याच्याच डोक्यावर ठेवायला मोहिनीला नाचावं तरी लागलं होतं, इथे एका क्लिकमध्ये काम झालं.

आम्ही सगळे डोंगराच्या मागे पळालो. कंट्रोल रूम गेली, छत गेलं, अँटेना गेली, साहेबांची खुर्ची गेली, साहेब कॅमेरावाल्याच्या मागोमाग निघाले म्हणून वाचले. ब्रोशरमधली ताकद खरी असती तर रिव्ह्यू लिहायला मी उरलो नसतो, त्यामुळे खोट्या जाहिरातीबद्दल माझी तक्रार जरा मवाळ आहे.

कस्टमर केअरचं म्हणणं, असं या क्षेत्रात होतंच. उदाहरणं पण तयार. 1962 च्या जुलैत अमेरिकेने 400 किलोमीटरवर अणुस्फोट केला तर त्यांचेच उपग्रह बिघडले आणि हवाईतले रस्त्यावरचे दिवे गेले. 2021 च्या नोव्हेंबरात रशियाने स्वतःचा जुना उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला तर अंतराळ स्थानकातल्या सातही जणांना यानांमध्ये जाऊन बसावं लागलं, त्यात दोघं रशियनच. बरोबर आहे हो, पण हे विकायच्या आधी सांगायचं असतं.

रिटर्न पॉलिसी नाही. 400 किलोमीटरवर पण विरळ हवा असते, अधूनमधून इंजिनाने वर ढकललं नाही तर असा प्लॅटफॉर्म हळूहळू खाली येतो, आणि ढकलायची कमांड द्यायला आता आमच्याकडे अँटेना नाही. टंगस्टन 3400 अंशांच्या वर वितळतं, तेव्हा उरलेले 11 रॉड वाटेत जळून जातील अशी आशा नको. आमचा बीकन बंद पडल्यामुळे महावज्र आता लिस्टमधला दुसरा बीकन शोधणार, आणि तो मी काल मॅन्युअलमध्ये बघितला, कंपनीच्या स्वतःच्या टेस्टिंग ग्राउंडवर आहे. त्यांना मेल टाकलाय. 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' एवढं ऑटोमॅटिक उत्तर आलंय.