टारमोगॉइफ हे कार्ड आज घ्यावं का?

खेळायला हवं असेल तर डोळे झाकून घ्या. ठेवून पुढे विकायचा विचार असेल तर या कार्डाच्या वाटेला जाऊ नका.

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळातलं हे क्रीचर (लढणारं कार्ड) दोनच मानात (माना म्हणजे कार्ड खेळायला मोजायची जादूची शक्ती) येतं: एक हिरवा, एक कुठलाही. दोन्ही खेळाडूंच्या ग्रेव्हयार्डात (वापरून झालेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात) मिळून जितक्या प्रकारची कार्डं, तितकी त्याची पॉवर, म्हणजे मारायची ताकद. टफनेस, म्हणजे मार सोसायची ताकद, त्याहून एकाने जास्त. मोजायचे ते प्रकार, कार्डं नव्हेत. पहिल्या टर्नला फेचलँड (स्वतः खर्ची पडून दुसरी लँड शोधून आणणारं लँड कार्ड) फोडा, थॉटसीझ ही सॉर्सरी (आपल्याच टर्नला टाकायचा मंत्र) टाकून समोरच्याच्या हातातलं एक क्रीचर काढा. लँड, सॉर्सरी, क्रीचर असे तीन प्रकार झाले, म्हणजे दुसऱ्या टर्नला 3/4 (पॉवर 3, टफनेस 4) उभं. दोन मानात एवढं अंग असलेलं क्रीचर तेव्हा क्वचितच मिळायचं.

त्याची खरी मजा लाइटनिंग बोल्ट या इन्स्टंटच्या (कधीही टाकता येणाऱ्या मंत्राच्या) वेळी कळते. समजा ग्रेव्हयार्डात फक्त लँड आणि सॉर्सरी आहे, गॉइफ 2/3 आहे. समोरचा बोल्ट मारतो, तीन डॅमेज. पण क्रीचर मेलं की नाही हे तपासण्याआधी बोल्ट स्वतः ग्रेव्हयार्डात जातो, इन्स्टंट हा तिसरा प्रकार होतो, गॉइफ 3/4 होतं आणि वाचतं. इथे न्यू जर्सीत आमच्या दुकानात शुक्रवारी रात्री हे घडतं तेव्हा नवा खेळाडू नियम पुन्हा वाचायला मागतो. हे क्रीचर मला मनापासून आवडतं ते यासाठी.

भावाची गोष्ट वेगळी. कार्ड 2007 च्या ‘फ्यूचर साइट’ या संचातलं. प्लेन्सवॉकर हा कार्डाचा प्रकार बाजारात यायच्या आधीच तो शब्द या कार्डावर छापलेला होता! मॉडर्न हा स्पर्धांचा फॉरमॅट (कुठली कार्डं चालतात ते ठरवणारा प्रकार) आल्यावर भाव असा चढला की 2013 मध्ये ‘मॉडर्न मास्टर्स’ या संचात पुन्हा छापूनही उतरला नाही, पुढे एक प्रत 200 डॉलरच्या घरात गेली. 2015 च्या लास वेगास ग्रां प्री स्पर्धेत अंतिम आठांच्या ड्राफ्टमध्ये (पाकिटांतून एकेक कार्ड उचलून डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, बांधताना) एका नामवंत खेळाडूने डेकला उपयोगी बर्स्ट लाइटनिंग हे कार्ड सोडून फॉइल (चकाकत्या छपाईचं) गॉइफ उचललं, त्यावर केवढा वाद झाला. ते कार्ड नंतर 14,900 डॉलरला विकलं गेलं.

मग 2017 मध्ये फेटल पुश हे क्रीचर मारणारं कार्ड आलं. एका काळ्या मानात गॉइफ साफ, ते कितीही मोठं असो, कारण पुश पॉवर बघत नाही, मानातली किंमत बघतं. 2021 मध्ये मर्कटाइड रीजंटसारखी, गॉइफच्या डोक्यावरून उडणारी क्रीचर्स आली. त्यात पुन्हा पुन्हा छपाई. आज मोठ्या मॉडर्न स्पर्धांत गॉइफ क्वचितच दिसतं, आणि दोघांच्या साध्या जेवणाच्या पैशांत एक प्रत मिळते.

दुकानातल्या खेळाला मात्र ते अजून पुरून उरतं. समोर रेस्ट इन पीस (ग्रेव्हयार्डं रिकामी करणारं कार्ड) आलं तर 0/1 होऊन बसतं, तेवढं गृहीत धरा.

प्रत कुठली? शक्य असेल तर ‘फ्यूचर साइट’चीच, थोडी वापरलेली चालेल. डाव्या कडेने खाली उतरणारी मानाची चिन्हं असलेली ती चौकट नंतरच्या बहुतेक छपायांत नाही. फॉइल टाळा, दमट हवेत वाकतं. विकणाऱ्याकडून कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचे फोटो आधी मागवा. मला एकाने ‘नवीनसारखं’ म्हणून पाठवलेल्या प्रतीवर मधोमध घडी होती.